जिनोआहून आलेली कॅसेट

"गुडघे टेका," सिस्टर आग्नेस म्हणाल्या, आणि आख्खा हॉल टीव्हीसमोर गुडघ्यांवर बसला.

पडद्यावर पांढरं वस्त्र डोक्यावरून घेतलेली एक बाई हातात मेणबत्ती धरून दगडी जिना उतरत होती. चेहरा दिसत नव्हता. मागं ऑर्गन वाजत होता, तोही असा गंभीर की आमच्या चर्चमधला ऑर्गन त्यापुढं पिपाणी वाटावा. शेजारी बसलेल्या फिलूमावशीनं कमरेची जपमाळ कधीच बाहेर काढली होती.

"माउली गो," ती माझ्या कानाशी पुटपुटली. "साक्षात माउली. बघ कशी चालते, पाय जमिनीला लागत नाहीत."

खरंच लागत नव्हते. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मी हात जोडले आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून सासूकडं पाहिलं. ती एकटीच गुडघ्यांवर बसली नव्हती. भिंतीला पाठ लावून, लुगड्याचा पदर घट्ट ओढून, ती बाकावर बसून राहिली होती. देवाशी तिचं बरेच दिवस बोलणं नव्हतं.

आता हा सगळा घोळ झाला कसा ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई काहीही बोलते. वसईच्या किनाऱ्यावरचं आमचं कोळ्यांचं बंदर. आम्ही सगळे ख्रिस्ती. दर्यावर जाणारे कोळी, आणि चर्चचा एक रविवार चुकवायचे नाहीत. आमच्यातला बस्त्यावकाका परदेशी जहाजावर इंजिनखात्यात होता. इटलीत जिनोआ बंदरात जहाज थांबलं, तिथल्या दुकानात त्याला ही कॅसेट दिसली. वरच्या चित्रात पांढऱ्या वस्त्रातली बाई, हातात मेणबत्ती, मागं घंटेचा मनोरा. खाली तीन बारकी चित्रं होती. एकात तीच बाई, दुसऱ्यात वादळात सापडलेली होडी, तिसऱ्यात खिडकीत उभं असलेलं लहान पोर. अक्षरं इटालियन, तिथं कुणाचं डोकं चालणार? काकानं आपला सरळ हिशेब लावला: येशूची माउली, वादळ शांत करणारा प्रभू आणि बाळ येशू. तीन चमत्कारांचा सिनेमा! तोही पोपच्या देशातला! कॅसेट छातीशी धरून माणूस घरी आला, वरचं चित्रांचं खोकं घरातल्या क्रुसाशेजारी लावलं आणि नुसती कॅसेट उपासकाळात सगळ्यांना दाखवा म्हणून फादर सिरिलकडं दिली.

फादर सिरिल रोमला शिकून आले होते. 'मी रोमला असताना' हे त्यांचं आवडतं वाक्य. बंदरावरची पोरं त्याची नक्कल करायची. इटालियन त्यांना अगदी पाण्यासारखं येत होतं, म्हणून ठरलं असं की ते टीव्हीशेजारी खुर्ची टाकून बसतील आणि पडद्यावरचं बोलणं मराठीत सांगतील. आधी एकदा बघून घ्यावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. माउलीचा सिनेमा आधी कशाला तपासायचा? शुक्रवारी दुपारी 'क्रुसाची वाट' ही प्रार्थना झाली, शाळेच्या हॉलच्या खिडक्यांना गोणपाटं लावली आणि स्टेशनजवळच्या एका दुकानातून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आला. तो घेऊन आलेला माणूस मोठा ताठ्याचा. कॅसेट आत सरकवली आणि बजावलं, "मशीनला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. पट्टी अडकली तर मी जबाबदार नाही." आणि गेला चहा प्यायला.

तर ती पांढरी बाई जिना उतरली. खाली एक तरुण झोपला होता. ती त्याच्या उशाशी आली. ऑर्गन थांबला. तिनं हळूच डोक्यावरचं वस्त्र मागं सारलं.

चेहरा नव्हता हो! नुसतं मेण. वितळून वितळून गळ्यावर ओघळलेलं मेण, आणि त्यात दोन डोळे, जिवंत, ओले, सरळ आमच्याकडं बघणारे.

हॉलमध्ये जी किंकाळी उठली ती बाहेर मासळी सुकवणाऱ्या बायकांनाही ऐकू गेली म्हणतात. बाक उलटे झाले. फिलूमावशी माझ्या मांडीवर आडवी झाली. सिस्टर आग्नेस क्रुसाची खूण करत ओरडत होत्या, "बंद करा! बंद करा ते सैतानाचं!" पण बंद कोण करणार? बटणं कुणाला ठाऊक? चारपाच बापे पुढं झाले आणि मशीनपाशी जाऊन नुसतेच उभे राहिले. समुद्रात वादळाला न भिणारे हे गडी, त्या डबड्याला बोट लावायची कुणाची छाती होईना.

बस्त्यावकाका तर भिंतीत शिरायचाच बाकी होता. "मला काय माहीत? मला काय माहीत?" एवढंच म्हणत होता बिचारा.

"फादर, तुम्ही तरी काही करा," सिस्टर म्हणाल्या.

फादर खुर्चीच्या अगदी टोकावर बसले होते. डोळे लहान मुलासारखे मोठे. "सिस्टर," ते हळू आवाजात म्हणाले, "मी रोमला असताना असले सिनेमे थिएटरात लागायचे. आम्हाला बंदी होती. बाहेरची चित्रं तेवढी बघायचो."

"मग?"

"मग काय? एकही पाहायला मिळाला नाही."

काही जण हसले. भीतीनं आखडलेला माणूस हसला की आणखीच घट्ट बसून राहतो. कुणी उठून गेलं नाही. कॅसेट आपली चालूच होती. त्या तरुणाचं काय झालं हे धड कुणीच बघितलं नाही. बंद करायचं की बघायचं यावरून आम्ही भांडत असतानाच ती गोष्ट संपली, पडदा काळा झाला, आणि मग एकदम समुद्र दिसला.

काय समुद्र होता तो! आम्ही जन्मभर दर्याच्या काठावर राहिलेली माणसं, पण असला दर्या मी कधी पाहिला नव्हता. वर जांभळं आभाळ, खाली हिरवं पाणी, आणि त्या हिरव्यातून कुठून तरी लाल उजेड वर येतोय. खोटाच असणार, रंगीत दिवे लावून केलेला. पण भांडण जागच्या जागी थांबलं. त्या पाण्यावर एक होडी हेलकावत होती आणि होडीत कुणी नव्हतं.

"चालू ठेवा," मागून आवाज आला.

माझी सासू, नातालीबाय, बाकावरून उठून उभी राहिली होती.

आता तिचं आणि माझं सांगायला हवं. माझा नवरा इनास, तिचा एकुलता एक. आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. होडी घेऊन गेला तो गेलाच. होडी उलटी होऊन किनाऱ्याला लागली, बरोबरचा माणूस पोहत आला, इनास काही आला नाही. मढं सापडलं नाही. सगळ्या बंदराला कळून चुकलं होतं, मलाही. पण आय, म्हणजे माझी सासू, मानेना. "मढं दाखवा, मग मी मानते," म्हणायची. फादरनी मृतासाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, ठेवू का म्हणून विचारलं, तेव्हा तिनं त्यांना घरातून घालवून दिलं होतं. रात्री दार नुसतं लोटून ठेवायचं, कडी लावायची नाही. त्याचं ताट वाढून ठेवायचं. आणि मी रडायचं नाही. एकदा चुलीशी बसून मुसमुसत होते तर कडाडली, "जित्या माणसासाठी रडतेस? अभद्र कुठली!"

माझा भाऊ दोनदा न्यायला आला. मुंबईला नर्सिंगच्या शाळेत नाव घालतो म्हणाला. जाऊ कशी? नवरा आहे म्हणावं तर नाही, विधवा म्हणावं तर मिस्साच झालेली नाही. आणि म्हातारीला एकटी टाकून जायचं म्हणजे त्या उघड्या दाराशी तिला सोडून जायचं. माझं वय तेव्हा काय होतं? पण आरशात बघितलं की वाटायचं, मी त्या घरात हळूहळू आटत चालले आहे.

तर पडद्यावर एक दगडी घर दिसलं, समुद्राकाठच्या वाळूच्या उंचवट्यावर. घरात एक म्हातारी आणि तिची सून. म्हातारी खिडकीत दिवा ठेवत होती. काहीतरी बोलली.

"काय म्हणते?" आयनं विचारलं.

फादर घुटमळले. हॉलमधल्या सगळ्यांनीच माना वळवून आधी आयकडं आणि मग माझ्याकडं पाहिलं. मला तर धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

"नातालीबाय," फादर म्हणाले, "हा सिनेमा तुम्ही नका पाहू. आपण जरा बाहेर बसू या."

"मी विचारलं, काय म्हणते ती?"

फादरनी तोंडावरून हात फिरवला. "म्हणते, माझ्या मुलाला अंधारात वाट सापडणार नाही. दिवा असू दे."

आय पुढं आली. बायका बाजूला सरकल्या. अगदी टीव्हीसमोर जमिनीवर ती मांडी घालून बसली, आणि मी तिच्या मागं जाऊन बसले. दुसरं काय करणार होते?

पडद्यावर रात्र झाली. खाली लाटांमधून एक माणूस चालत वर आला. घाई नाही, गडबड नाही, अंगातून पाणी निथळतंय. खिडकीबाहेर येऊन तो उभा राहिला आणि आत बघत राहिला. चेहरा तरुण, देखणा, फक्त पापण्या लवत नव्हत्या. पोरांनी आयांच्या कुशीत तोंडं लपवली. म्हातारीनं मात्र सकाळी उठून दाराबाहेरची ओली पावलं पाहिली आणि त्या पावलांवर ओठ टेकले. आयच्या तोंडून 'हं' असा आवाज निघाला. इतका सुखाचा आवाज मी तिच्या तोंडून कितीतरी महिन्यांत ऐकला नव्हता.

"बघ," ती मागं न वळता मला म्हणाली. "आला की नाही?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

रोज रात्री तो यायचा. रोज खिडकीबाहेर उभा राहायचा. घरात कधी आला नाही, कुणाला हात लावला नाही. पण सून सकाळी उठायची ती ओल्या केसांनी. मग तिला खोकला लागला. खोकताना हातावर समुद्राचं पाणी पडायचं. गाल बसले, बोटं काड्यांसारखी झाली. दिवा रोज मोठा व्हायचा आणि ती रोज लहान व्हायची. त्या दिग्दर्शकानं काय केलं होतं कोण जाणे, पण एका चित्रात तर दिवा सगळा पडदा भरून होता आणि त्याच्या कडेला ही पोरगी सावलीएवढी. हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. भीती कधीच मागं पडली होती. चर्चमध्ये मिस्सेत फादर पाव आणि पेला वर उचलतात तेव्हा जशी शांतता होते तशी शांतता होती, आणि समोर होतं भुताचं चित्र.

सून म्हातारीच्या पायाशी बसून काही बोलली. खूप वेळ बोलली. फादरनी ते मराठीत सांगितलं नाही.

"सांगा," आय म्हणाली.

"नातालीबाय..."

"फादर, तुम्ही पाद्री आहात. खोटं सांगू नका आणि लपवूही नका."

फादर खुर्चीवरून उठले. पडद्याकडं न बघता आमच्याकडं बघून बोलू लागले. "ती म्हणते, आई, दिवा विझव. तो तुझ्यासाठी येत नाही. त्याला थंडी वाजते, त्याला सोबत हवी आहे. तो तुझ्याकडं बघत नाही, माझ्याकडं बघतो. मी त्याच्यावर प्रेम केलं, अजून करते, पण मला जगायचं आहे."

मी मान खाली घातली. ते बोलणं त्या परक्या पोरीचं होतं, पण जणू कुणीतरी माझ्याच पोटातून ओढून काढून सगळ्या बंदरासमोर मांडलं होतं. मला वाटलं, आता आय वळेल आणि माझ्या थोबाडीत देईल.

"आणि म्हातारी काय म्हणते?" आयनं विचारलं.

"म्हणते, तुला माझा मुलगा नको झाला आहे."

आय टीव्हीच्या आणखी जवळ सरकली.

त्या रात्रीही दिवा जळला. सकाळ झाली. म्हातारी दार उघडून बाहेर आली, पावलं बघायला. घरापासून समुद्रापर्यंत ओल्या वाळूत पावलं उमटली होती. या वेळी ती दोघांची होती. मोठी पावलं आणि त्यांच्या शेजारी बाईमाणसाची लहान पावलं, पाण्याकडं जाणारी. परत येणारी नव्हती. म्हातारी तिथंच उभी. मागं खिडकीत दिवा, भर उन्हात जळणारा. मग कॅमेरा वर वर गेला, घर लहान झालं, म्हातारी मुंगीएवढी झाली, आणि सगळा पडदा त्या हिरव्या पाण्यानं भरला.

कुणीतरी हुंदका दिला. मला वाटतं सिस्टर आग्नेस होत्या.

तेवढ्यात व्हीसीआरवाला मिशा पुसत आत आला आणि म्हणाला, "काय, आवडली का माउली?" सिस्टरनी नुसता हात केला तसं त्यानं बटण दाबलं. तिसरी गोष्ट कसली होती, खिडकीतल्या त्या पोराचं पुढं काय झालं, मला आजतागायत कळलेलं नाही. माझी मुलगी मध्यंतरी म्हणाली, आई, असले जुने सिनेमे आता छान साफसूफ करून मिळतात, शोधू का तुझा तो? मी म्हटलं, नको ग बाई. मला दोनच गोष्टी पुरल्या.

गोणपाटं काढली. उन्हाची तिरीप आत आली, सगळे डोळे चोळत होते. आय अजून त्या बंद पडद्यासमोर बसून होती.

"फादर," तिनं विचारलं, "म्हातारीनं दिवा विझवला असता तर?"

"तर सून वाचली असती."

"आणि पोरगा?"

फादर खाली तिच्यासमोर बसले, पांढरा झगा धुळीत. रोमबिम सगळं विसरून एखाद्या कोळ्याच्या पोरासारखे बसले. "तो तर आधीच गेला होता, नातालीबाय," ते म्हणाले. "दिव्यानं तो जिवंत होत नव्हता. दिव्यानं त्याला फक्त जाता येत नव्हतं."

आयनं वळून माझ्याकडं पाहिलं. नुसतं पाहिलं नाही, निरखलं. बाजारात मासळी निरखतो तशी, डोळे, गाल, मनगटं. मग माझं मनगट आपल्या दोन बोटांत धरलं. तिची बोटं एकमेकांना लागली आणि वर उरली. ती कितीतरी वेळ त्या उरलेल्या बोटांकडं बघत राहिली.

"केवढीशी झालीस गो तू," ती म्हणाली. "आणि मला दिसलंच नाही."

"आय, मी बरी आहे."

"गप." ती गुडघ्यांवर हात टेकून उठली. "फादर, उद्या माझ्या इनासची मिस्सा करा. घंटा वाजवा. सगळ्यांना बोलवा."

फादरनी विचारलं, "नक्की ना, नातालीबाय? मनापासून?"

"कोणती आई हे मनापासून म्हणेल, फादर?" ती म्हणाली. "पण करा."

आम्ही दोघी घरी निघालो. ती घराच्या वाटेला न वळता सरळ किनाऱ्याकडं चालू लागली. मी घाबरले. खरं सांगते, मला वाटलं ही आता पाण्यात जाते. मी मागून धावले, तिचा पदर धरला. ती थांबली ती अगदी पाण्याच्या रेघेवर. भरती येत होती. आमचा दर्या, मळका, तपकिरी, सिनेमातल्यासारखा अजिबात नाही. तिनं दोन्ही हात तोंडाशी धरले, होडीवरच्या माणसाला किनाऱ्यावरून हाक मारतात तशी हाक मारली.

"इनाऽऽस!"

जाळी विणणारे बापे हातातलं काम टाकून उभे राहिले.

"इनास, पोरा! आता येऊ नको! ऐकतोस ना? मी म्हातारी, माझी वेळ झाली की मीच येते तुझ्याकडं. तुला थंडी वाजत असेल, थोडी कळ काढ. पण हिला बोलवू नको! ही माझी लेक आहे, हिला मी देणार नाही!"

मी आजवर चर्चमध्ये किती प्रवचनं ऐकली, मोठमोठे बिशप पाहिले. पण त्या दुपारी, पायाखालची वाळू ओढून नेणाऱ्या पाण्यात उभं राहून, आपल्या एकुलत्या पोराला परत फिरवणारी ती बाई! माझे हात आपोआप जोडले गेले. टीव्हीतल्या त्या पांढऱ्या बाईपुढं जोडले होते त्यापेक्षा घट्ट.

ती वळली. तिचा चेहरा कोरडा होता. माझे ओठ थरथरत होते आणि मी दातांनी ते दाबून धरले होते, इतक्या महिन्यांची सवय. तिनं ओल्या हातानं माझी हनुवटी वर केली.

"रड गो आता," आय म्हणाली. "तुझा नवरा मेला."